बर्था बेंझ: उतारावर ब्रेक झिजले, आणि तिने त्यांना चामडं ठोकून घेतलं

अमरावती, अकोल्याच्या सपाट रस्त्यांवर जुन्या गाडीच्या ब्रेककडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. खरी परीक्षा होते चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना. सुमारे १,१०० मीटर उंचीवरून खाली येताना पेडल मऊ लागतं, जळका वास येतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी मेकॅनिककडे जाते. मग प्रश्न पडतो: पॅड कोणते टाकायचे? डिस्क बदलायची की तीच चालेल?

या प्रश्नाच्या मुळाशी असलेली गोष्ट १८८८ साली जर्मनीतल्या एका बाईच्या भर रस्त्यात लक्षात आली होती. तिचं नाव बर्था बेंझ. मर्सिडीज-बेंझ या नावातल्या बेंझ घराण्यातली ही बाई.

हुंड्याच्या पैशातून उभा राहिलेला कारखाना

बर्था रिंगरचा जन्म ३ मे १८४९ रोजी फोर्झहाइम या गावी झाला. लग्न ठरलं ते कार्ल बेंझ या इंजिनिअरशी. कार्लचा कारखाना भागीदारामुळे अडचणीत आला होता. बर्थाने लग्नाआधीच आपल्या हुंड्यातली रक्कम उचलून दिली आणि त्या भागीदाराला बाजूला करता आलं. १८७२ मध्ये दोघांचं लग्न झालं.

पुढची अनेक वर्षं ओढाताणीची होती. १८७९ च्या शेवटच्या रात्री कार्लचं इंजिन पहिल्यांदा नीट चाललं. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट दाखल केलं. गाडी तयार होती, पण गिऱ्हाईक येत नव्हतं. घोड्याशिवाय चालणाऱ्या गाडीवर लोकांचा भरवसा नव्हता.

नवऱ्याला न सांगता १०० किलोमीटर

ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाने गाडी बाहेर काढली. सोबत दोन मुलं होती, १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. मानहाइमहून माहेरी फोर्झहाइमला जायचं होतं. अंतर साधारण १०० किलोमीटर. तोवर मोटारगाडीने एवढा लांबचा प्रवास कुणीच केला नव्हता.

वाटेत पेट्रोल पंप नव्हते. इंधन म्हणून वापरायचं लिग्रोइन तिने वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. तारेचं आवरण गेलं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. साखळी एका लोहाराकडून दुरुस्त करून घेतली. चढावर मुलांनी गाडी ढकलली.

उतारावरची अडचण मात्र वेगळी होती. गाडीचे ब्रेक म्हणजे लाकडी ठोकळे. उतरताना ते घासून घासून झिजले आणि गाडी थांबेना. बर्थाने बूट शिवणाऱ्या कारागिराला गाठलं आणि त्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घेतलं. हेच जगातलं पहिलं ब्रेक लायनर म्हणून ओळखलं जातं.

संध्याकाळी फोर्झहाइमला पोचल्यावर तिने कार्लला तार केली. काही दिवसांनी तीच गाडी घेऊन ती परतली. चढावर गाडी कमी पडते हेही तिने सांगितलं आणि कार्लने गाडीला आणखी एक गिअर जोडला. या प्रवासाची चर्चा झाली, गाडीवरचा संशय कमी झाला. एकोणिसावं शतक संपेपर्यंत बेंझ कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांत गेली होती.

कार्ल १९२९ मध्ये गेला. बर्था ५ मे १९४४ रोजी, ९५ वा वाढदिवस झाल्यावर दोनच दिवसांनी वारली.

चामड्यापासून पॅडपर्यंत

ब्रेकमध्ये एक भाग झिजायचा असतो आणि दुसरा टिकायचा. झिजणारा भाग स्वस्त आणि पटकन बदलता येणारा हवा. बर्थाच्या गाडीत ते काम चामड्याने केलं, आज पॅड करतो. म्हणून सर्वांत कडक पॅड म्हणजे सर्वांत चांगला पॅड, हा समज चुकीचा आहे. फार कडक पॅड स्वतः टिकतो आणि डिस्क खातो.

मारुती ८०० सारख्या जुन्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात. अशी गाडी रोज वापरत असाल तर निवड करताना हे पाहा:

• ऑरगॅनिक पॅड: आवाज कमी, डिस्कला सौम्य. लवकर झिजतात आणि फार तापले की पकड कमी होते. गावातल्या वापराला पुरेसे.

• सेमी-मेटॅलिक पॅड: उष्णता जास्त सोसतात, घाटाला चांगले. आवाज, काळी धूळ आणि डिस्कची झीज थोडी जास्त.

• सिरॅमिक पॅड: शांत, धूळ कमी, पण महाग. साध्या जुन्या गाडीला त्यांची गरज क्वचितच पडते.

• डिस्क: तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. मोजल्यावर जाडी त्याखाली भरली तर ती लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, बदलायलाच हवी. दिसायला छान म्हणून भोकांची डिस्क घेऊ नका. भोकांपाशी तडे जाऊ शकतात आणि रोजच्या वापरात फायदा नसतो.

• जोडी: एका बाजूचे पॅड किंवा डिस्क कधीच बदलू नका, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

• ब्रेक ऑइल: ते हवेतला ओलावा शोषतं. ओलावा असलेलं ऑइल घाटात तापून उकळतं आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदला.

नवे पॅड टाकल्यावर पहिले काही दिवस हलक्या हाताने ब्रेक मारा, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसतात. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. गाडी इंजिनही रोखून धरतं आणि ब्रेक कमी तापतात.