भूत, विंचू आणि नाथ महाराज

फाल्गुन लागला की आमच्या माजलगावात ऊन चढायला लागतं आणि पैठणच्या वाटेला लागलेल्या दिंड्या दिसू लागतात. नाथषष्ठीची ओढ! आमचं आणि पैठणचं नातं तर आता पाण्याचंही आहे. नाथसागराचं पाणी उजव्या कालव्यानं सिंदफणेवरच्या आमच्या धरणात येतं. पण मी लहान होते तेव्हा धरणही नव्हतं आणि कालवाही नव्हता. दिंडी मात्र होती.

ती आमच्या गल्लीतल्या देवळात मुक्काम करायची. रात्री गॅसबत्तीच्या उजेडात भारूड रंगायचं. मिशा असलेला एखादा बाप्या लुगडं नेसून सून व्हायचा, आणि बायका पदर तोंडाला लावून लावून हसायच्या. त्यात माझी धाकटी काकू असायची. एरवी ती हसायची नाही. लागोपाठ दोन बाळं गेली होती तिची. तेव्हापासून ती कोपऱ्यात बसून राहायची, मध्येच ओरडायची. घरच्यांनी ठरवून टाकलं, हिला बाहेरचं झालंय. दर अमावास्येला तिला देवऋष्याकडं न्यायचे. परत यायची तेव्हा केस विस्कटलेले, डोळे मिरचीच्या धुरीनं लालभडक. डॉक्टरकडं न्यावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही पोरं तिला घाबरून लांब पळायचो.

भारुडात भूत आलं की मात्र ही काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. का, ते मला कळायचं नाही. पुढं मोठी झाल्यावर नाथांचं चरित्र हाती आलं, भारुडं वाचली, तेव्हा कुठं थोडं थोडं उमगलं.

एकनाथांचा जन्म पैठणचा, साधारण १५३३ सालचा. पणजोबा भानुदास, विजयनगरला गेलेली विठ्ठलाची मूर्ती पंढरपुरात परत आणणारे म्हणून वारकऱ्यांत त्यांचं नाव. आई रुक्मिणी आणि वडील सूर्यनारायण नाथांच्या अगदी लहानपणीच गेले. आजी-आजोबांनी वाढवलं. आईविना वाढलेलं हे पोर पुढं बायकांच्या तोंडची भाषा इतकी नेमकी कशी बोललं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आजीच्या मांडीवर ऐकली असेल, दुसरं काय!

लहान वयातच ते देवगिरीला जनार्दन स्वामींकडं गेले. स्वामी किल्ल्यावरचे मोठे अधिकारी, पण मन दत्तभक्तीत. तिथं शिकून नाथ पैठणला आले, संसाराला लागले. संस्कृत येत असून मराठीत लिहिलं. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका १५७३ साली काशीत पुरी झाली. तिथल्या पंडितांनी आधी डोळे वटारले आणि मग ग्रंथाची मिरवणूक काढली, असं सांगतात. रुक्मिणी स्वयंवर, भावार्थ रामायण हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. मला बोलायचंय ते भारुडांबद्दल.

नाथांच्या नावावर सुमारे तीनशे भारुडं आहेत. दारावर कोण कोण यायचं तेव्हा? वासुदेव, जोशी, गोंधळी, वाघ्या-मुरळी, गारुडी, पांगुळ, जोगवा मागणारी. पंडित लोक ज्यांना सुपातलं पसाभर धान्य देऊन वाटेला लावायचे, त्यांचं सोंग घेऊन नाथ बोलले. विंचू चावल्यावर बाई कशी तडफडते, ते सगळं त्यांनी घेतलं. फक्त विंचू काम-क्रोधाचा केला आणि उतारा सत्त्वगुणाचा.

भुताचं तर विचारूच नका. बाईला भूत झपाटतं. देवऋषी होतो, लिंबू-नारळाचा उतारा होतो, कशानंच ते हटत नाही. शेवटी कळतं की हे भूत म्हणजे साक्षात देव! यानंच ध्रुवबाळाला झपाटलं होतं. म्हणजे नाथांच्या भारुडात देवऋषी हरतो, बायांनो. काकूच्या हसण्याचं गुपित मला इथं सापडलं. तिचे केस ओढणारा तो माणूस वर्षातून एका रात्री सगळ्या गावासमोर हरायचा.

दुसरं भारूड सुनेचं. ती भवानीला रोडगा कबूल करते आणि सासरा, सासू, जाऊ, नणंद, शेवटी नवरासुद्धा ने म्हणते. मला एकटीला राहू दे! कीर्तनकार लगेच अर्थ सांगतात, की सासू-सासरे म्हणजे मनातले विकार. खरं आहे, नाथांना तेच सांगायचं होतं. पण मला विचाराल तर हा अर्थ जरा घाईनं सांगितला जातो. त्याआधी त्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकून घ्यायला काय हरकत आहे? दादल्याच्या भारुडातली बाई मोडक्या घराबद्दल, फाटक्या लुगड्याबद्दल, अंबाडीच्या भाजीवर तेलाची धार नाही म्हणून बोलते. घरात तेल नसलेलं ज्यानं पाहिलंय, त्यालाच हे सुचणार.

नाथांच्या स्वतःच्या घरात काय होतं? गिरिजाबाई होत्या. श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाचा वास रस्त्यावरच्या भुकेल्या, अस्पृश्य मानलेल्या माणसांपर्यंत गेला. नाथांनी त्यांना घरात बोलावून जेवू घातलं, ही गोष्ट आपण शाळेत वाचली. पुढचं एक वाक्य असतं, की गिरिजाबाईंनी पुन्हा स्वयंपाक केला. एका वाक्यात! वडे, खीर, भाज्या, पहिल्यापासून सगळं. चुलीशी बसणारीलाच कळेल ते एक वाक्य केवढं आहे. त्यांनी नाक मुरडलं असतं तर नाथांचं औदार्य उंबऱ्यातच अडलं असतं. इतकं करून निमंत्रित ब्राह्मण जेवायला आलेच नाहीत, तेव्हा प्रत्यक्ष पितर पानावर बसले, अशी आख्यायिका आहे.

मुलाचं दुखणंही होतं. हरिपंडित संस्कृतचा विद्वान. बापानं मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. रुसून काशीला गेला. नाथ त्याच्या अटी मान्य करून त्याला घेऊन आले. म्हणजे मराठी पुराण बंद. कसं वाटलं असेल त्यांना! मग गोष्ट येते एका गरीब विधवेची. तिला सहस्रभोजन घालायचं होतं आणि पदरी काही नव्हतं. नाथ एकटेच तिच्याकडं जेवले. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलायला गेला तर खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार निघाल्या म्हणतात. चमत्कार सोडा हवं तर. पण अहंकार उतरला तो एका बाईच्या ओसरीवर, हे मला आवडतं. आणि कवित्व पुढं चाललं ते लेकीच्या पोटी. ओव्यांत महाभारत रचणारे मुक्तेश्वर हे नाथांच्या मुलीचे चिरंजीव.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला.

भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा आता गुन्हा आहे. राज्यात २०१३ साली तसा कायदा झाला. काकू त्याच्या कितीतरी आधी गेली. पण एक फाल्गुन मला लख्ख आठवतो. भारूड संपलं होतं, लोक उठायला लागले होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकू उठली. अख्ख्या गावादेखत पदर सावरून लुगडं नेसलेल्या त्या बाप्यापुढं गेली, हात जोडले आणि म्हणाली, महाराज, भुताचं पुन्हा एकदा म्हणा. गॅसबत्तीतलं रॉकेल संपत आलं होतं. त्यानं डोक्यावरचा पदर परत नीट घेतला, आणि म्हटलं.