शिवरात्रीचे जागरण आणि अहिल्याबाई

माघ वद्य चतुर्दशी आली की डब्लिनच्या आमच्या घरी साबुदाणा भिजतो आणि आईच्या हातच्या कवठाच्या चटणीची आठवण निघते. लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात चारही प्रहर बसायचे, असे दरवर्षी ठरते. पण डॉक्टरने ठरवून काय होणार! काही वर्षांपूर्वी पहिल्या प्रहरातच बोलावणे आले. रात्र अतिदक्षता विभागात गेली आणि पहाटे रुग्ण दगावला. पूजा झाली नाही, माणूसही वाचला नाही. घरी परतताना वाटले, कसले हे आपले जागरण?

तेव्हा आठवल्या पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर. आमच्या देवघरात त्यांची तसबीर होती: पांढरे लुगडे, तळहातावर शिवलिंग.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडी गावचा. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याला बळी पडले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही, कारभारात तयार केले. १७६६ मध्ये मल्हारराव गेले; पुढच्याच वर्षी एकुलता मुलगा मालेराव गेला. मग राज्याची धुरा बाईंनी उचलली आणि महेश्वरला राजधानी नेली. नर्मदाकाठी नित्य शिवपूजा करायची आणि दरबारात बसून रयतेची गाऱ्हाणी ऐकायची, हा त्यांचा परिपाठ. राज्य शंकराचे, आपण केवळ कारभारी, ही त्यांची श्रद्धा. काशी विश्वेश्वराचे मंदिर त्यांनी पुन्हा उभारले, १७८३ मध्ये सोमनाथला नवे मंदिर बांधले. ही दोन्ही क्षेत्रे त्यांच्या राज्याबाहेरची!

१७९१ मध्ये जावई वारले. आईने परोपरीने विनवूनही मुलगी मुक्ताबाई सती गेली. त्यानंतरही १३ ऑगस्ट १७९५ रोजी देह ठेवेपर्यंत बाईंनी कारभार सोडला नाही.

एवढी पूजा करूनही त्यांचे एकही माणूस परत आले नाही. तरी पूजा थांबली नाही, गाऱ्हाणी ऐकणेही थांबले नाही. हे ध्यानात आले आणि माझ्या मनातली ती रुखरुख गेली. आता शिवरात्रीला ड्यूटी लागली तर मी बदलून मागत नाही. दिवसभराचा उपास करतो आणि रुग्णाच्या उशाशी जागतो.

मंडळी, यंदा पिंडीवर बेल वाहाल तेव्हा एक पान रात्रपाळीवरच्या माणसांसाठीही वाहा.