एका मताने तरलेले अध्यक्ष

साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हा प्रश्न नंतरचा. त्याला बोलू द्यायचे की नाही, हे आधी ठरावे लागते. अमेरिकेचे सतरावे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावर १८६८ मध्ये चाललेल्या महाभियोगात हे ठरविण्याचा अधिकार ज्या सिनेटकडे होता, तेथे बहुमत त्यांच्या विरोधकांचेच होते.

जॉन्सन यांचा जन्म २९ डिसेंबर १८०८ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे एका गरीब कुटुंबात झाला. पितृछत्र लवकर हरपले आणि शाळेऐवजी शिंप्याच्या दुकानात उमेदवारी नशिबी आली. पुढे टेनेसीतील ग्रीनव्हिल येथे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. लेखन व गणितात त्यांना पत्नी एलायझा यांचे साहाय्य लाभले. नगराध्यक्ष, प्रतिनिधिगृहाचे सदस्य, गव्हर्नर आणि सिनेटर अशा पायऱ्या ते चढत गेले. यादवी युद्धात दक्षिणेतील राज्ये फुटून निघाली, तेव्हा त्या राज्यांतील हा एकच सिनेटर आपल्या जागी ठाम राहिला. या निष्ठेमुळेच डेमोक्रॅट असूनही लिंकन यांच्यासोबत ते उपाध्यक्षपदी निवडून आले. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांची हत्या झाली आणि देशाची धुरा त्यांच्याकडे आली.

येथूनच संघर्षाला तोंड फुटले. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरी हक्क देणाऱ्या १८६६ च्या विधेयकावर जॉन्सन यांनी नकाराधिकार वापरला. काँग्रेसने तो झुगारून कायदा केला. सिनेटच्या संमतीविना अधिकाऱ्यांना पदावरून दूर करता येणार नाही, असा कायदाही १८६७ मध्ये झाला. तो घटनाबाह्य असल्याची जॉन्सन यांची धारणा होती. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी त्यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना बडतर्फ केले. तीनच दिवसांनी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी महाभियोग मंजूर केला.

खटल्यात कळीचा मुद्दा अध्यक्षांच्या हेतूचा होता. कायद्याची वैधता न्यायालयात तपासून घेणे एवढाच त्यांचा हेतू होता, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. त्यासाठी जनरल विल्यम शर्मन यांना साक्षीस बोलावण्यात आले, कारण युद्धमंत्रिपदाबाबत अध्यक्षांनी त्यांच्याशी बोलणी केली होती. आरोपीने खासगीत काढलेले उद्गार त्याच्याच बाजूचा पुरावा कसे ठरतील, असा आक्षेप बेंजामिन बटलर प्रभृतींनी घेतला. अनेक प्रश्न मतदानाने फेटाळले गेले. नौदलमंत्री गिडियन वेल्स मंत्रिमंडळातील सल्लामसलतीविषयी सांगणार होते. ती साक्ष ग्राह्य असल्याचा निर्णय पीठासीन सरन्यायाधीश सॅमन चेस यांनी दिला; सिनेटने बहुमताने तोही फिरविला.

तरीही निकाल उलटा लागला. १६ आणि २६ मे रोजी झालेल्या मतदानात ३५ जण दोषी ठरविण्याच्या बाजूने, तर १९ जण विरुद्ध होते. दोनतृतीयांश बहुमतास एक मत कमी पडले. सात रिपब्लिकन सदस्यांनी पक्षादेशापेक्षा सदसद्विवेकाला कौल दिला होता.

जॉन्सन १८७५ मध्ये त्याच सिनेटमध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी ३१ जुलैला निवर्तले. तो वादग्रस्त कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. तो अवैधच होता, असे मत सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये नोंदविले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर त्यांच्या धोरणांनी केलेला अन्याय मात्र इतिहासाने माफ केलेला नाही.

साक्षीपुराव्याचा वादही त्यांच्याबरोबर संपला नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरील पहिल्या महाभियोगात, ३१ जानेवारी २०२० रोजी, नव्या साक्षीदारांना बोलाविण्याची मागणी सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी फेटाळली. विभागणी तेव्हाही प्रामुख्याने पक्षनिहायच होती.