नाथांचा रोजचा हिशेब



दत्ताच्या आरतीला उभं राहिलं की शेवटी 'एका जनार्दनी' हे शब्द येतात. नरसोबाच्या वाडीला असो, गाणगापूरला असो किंवा आपल्या हुपरीतल्या घराघरांत असो, टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या मंडळींच्या ध्यानात नसतं की ही आरती पैठणच्या एकनाथ महाराजांची आहे. नाथांना आपण वारकऱ्यांचे संत म्हणून ओळखतो आणि ते खरंही आहे. पंढरीचा विठ्ठल विजयनगरहून परत आणला असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते भानुदास महाराज नाथांचे पणजोबा. पण नाथांचं गुरुघराणं दत्ताचं. म्हणून दत्तजयंतीच्या अंकात त्यांचं चरित्र यायला काहीच हरकत नाही.

मी बी.कॉम. झालेला माणूस. आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. अध्यात्मातला अधिकार माझा नाही, आकड्यांतला थोडाफार आहे. त्या बाजूनं नाथ मला जवळचे वाटत आले.

आई-वडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी सांभाळलं. बाराव्या वर्षाच्या सुमारास घरी न सांगता मुलगा निघाला तो थेट देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे. जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे, निजामशाहीतले किल्लेदार. दिवसभर किल्ल्याचा कारभार आणि पहाटे दत्ताची उपासना असा त्यांचा दिवस. गुरुवारी गडाला सुटी असे असं परंपरा सांगते. मला या माणसाचं फार नवल वाटतं. कारभार टाकून डोंगरात गेलेले पुष्कळ, पण किल्ल्याच्या किल्ल्या कमरेला लावून समाधी लावणारे विरळा. नाथांनी दिवस कसा बांधायचा ते इथं बघितलं.

स्वामींनी त्यांना हिशेबाला बसवलं. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. एका पैचा फरक येत होता. कुणी पै म्हणतं, कुणी अधेला. नाण्याचं नाव काहीही असो. रात्रभर समईच्या उजेडात पोरगं वह्या चाळत बसलं. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन मागे उभे होते. त्यांनी समजावलं ते असं की, एका पैसाठी मन एवढं एकवटतं, ते देवाकडे वळवलं तर काय होईल.

ज्यांनी कॉम्प्युटर यायच्या आधी बँकेत काम केलं त्यांनाच ही गोष्ट खरी कळेल. सहामाही क्लोजिंगला लेजरच्या बाकीची बेरीज जनरल लेजरशी जुळेना झाली की सगळी शाखा थांबायची. फरकाला नऊनं भाग गेला तर कुठंतरी आकड्यांची अदलाबदल झाली असणार, त्रेसष्टचे छत्तीस झाले असणार, हा आमचा पहिला तपास. फरक निम्मा करून बघायचा, ती रक्कम कुठं उलट्या बाजूला पडली आहे का, हा दुसरा. लाख रुपयांचा फरक लवकर सापडतो, दहा पैशांचा रात्र काढतो. आणि सापडला की जो आनंद होतो, तो पगारवाढीलाही होत नाही. लोक या गोष्टीतला स्वामींचा उपदेश सांगतात आणि पुढं जातात. मला त्यातलं दुसरं दिसतं. स्वामींनी हिशेब सोडायला सांगितलं नाही. जी सवय वहीवर लागली, तीच पोथीवर लावायला सांगितली.

पुढं शूलिभंजनच्या डोंगरावर तप झालं, तीर्थयात्रा झाली. गुरुआज्ञेनं चतुःश्लोकी भागवतावर हजारावर ओव्यांची टीका झाली. गुरूंनी प्रपंच करायला सांगितला म्हणून नाथ पैठणला राहिले, गिरिजाबाईंशी लग्न झालं, मुलंबाळं झाली. आणि मग सुरू झाला तो पैठणचा दिवस. पहाटे गोदावरीचं स्नान, संध्या, पूजा, वाचन, दुपारी पंगतीला आल्या-गेल्याचं जेवण, मग पुराण, रात्री कीर्तन. वर्षानुवर्षं हाच क्रम.

या क्रमातून काय निघालं ते बघा. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका, जिला आपण नाथभागवत म्हणतो, ती पैठणला सुरू होऊन काशीत शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे १५७३ साली पुरी झाली. अठरा हजारांवर ओव्या. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत तीनशे वर्षांत पाठभेद शिरले होते. ते ताडून शके १५०६ मध्ये, १५८४ साली, त्यांनी शुद्ध प्रत सिद्ध केली. हे काम म्हणजे मोठ्ठं बॅलन्सिंगच. दहा वह्या समोर, आणि खरी नोंद कुठली ते ठरवायचं. वर पुन्हा स्वतःची ओवी त्यात घालायची नाही. देवगिरीची ती रात्र इथं उपयोगी पडली, असं मी धरून चालतो. याशिवाय अभंग, गौळणी आणि भारुडं आहेतच.

आता इतक्या कामाचा माणूस आपल्याला कसा वाटेल? घड्याळाचा पक्का, मध्ये कुणी बोललं की कपाळाला आठी. आपल्या ओळखीचे कामसू लोक बहुधा असेच असतात. नाथांच्या चरित्रात मात्र बघावं तिथं वाटेत थांबणंच आहे. गंगेच्या पाण्याची कावड रामेश्वराला न्यायची, अख्खा भरतखंड चालून. वाटेत वाळवंटात गाढव तहानेनं तडफडतंय. ती कावड त्यांनी त्याच्या तोंडात ओतली. भर दुपारी गोदेच्या तापल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या घरचं पोर रडत होतं. त्याला कडेवर घेऊन, नाक पुसून वस्तीत आईकडे नेऊन दिलं. श्राद्धाचा स्वयंपाक तयार असताना दाराशी आलेल्या भुकेल्यांना तोच वाढला. पैठणच्या ब्राह्मणांनी त्याबद्दल काय छळ केला, तो वेगळाच अध्याय आहे. स्नान करून येताना अंगावर थुंकणाऱ्याची गोष्ट तर शाळेच्या पुस्तकात होती. तो एकशे आठ वेळा थुंकला, हे तितक्या वेळा परत नदीवर गेले, आणि वर त्याच्यामुळं एवढी स्नानं घडली म्हणून त्याचे आभार मानले.

या कथा भक्तांनी मागून लिहिल्या, आकडे जुळवून बघण्याच्या नाहीत. पण जुळवायची गोष्ट दुसरी आहे. इतकं थांबणारा माणूस अठरा हजार ओव्या पुऱ्या करतो कसा?

हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही. निवृत्तीनंतर मी रोज पहाटे गुरुचरित्राचा एक अध्याय वाचायचा नेम धरला. गेल्या वर्षी सौ.ला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तिच्या उशाशी पूजेतली घंटा ठेवली आहे, डाव्या हातानं वाजवता येते. ती बरोबर अध्यायाच्या मध्येच वाजते. कधी पाणी हवं असतं, कधी कूस बदलायची असते, कधी नुसतं कुणीतरी जवळ हवं असतं. मी ओवीवर तुळशीचं पान ठेवतो, उठतो, काम करून परत बसतो. यानं नेम खंडित होत नाही का, असं एका स्नेह्यांनी मला काळजीनं विचारलं. त्यांना मी रामेश्वराच्या कावडीची गोष्ट सांगितली. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. सप्ताहाचे नियम कडक असतात, तेही बरोबरच आहेत म्हणा.

माझा अनुभव एवढाच, की उठण्यानं चित्त मोडत नाही, चिडण्यानं मोडतं. उठलो आणि निमूट बसलो तर पुढची ओवी लगेच लागते. मनात धुसफूस घेऊन बसलो तर अर्धं पान वाचूनही काही कळत नाही. आमच्या शाखेत एक जुने कॅशियर होते. बेरीज चाललेली असताना एखादी म्हातारी स्लिप घेऊन आली की डाव्या हाताचं बोट आकड्यावर तसंच ठेवून उजव्या हातानं तिची स्लिप भरून देत, अंगठा घेत, आणि पुन्हा त्याच आकड्यापासून पुढं. त्यांची कॅश सगळ्यांत आधी टॅली व्हायची. खेकसणारे मात्र वरनं परत सुरुवात करायचे.

नाथभागवतात याचं मूळ सापडतं, आणि ते दत्ताचंच आहे. एकादश स्कंधात यदुराजाला एक अवधूत भेटतो आणि आपले चोवीस गुरू सांगतो. परंपरेनं हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय. त्याचा पहिला गुरू पृथ्वी. लोक तिला खणतात, तुडवतात, ती सोसते आणि वर पीक देते. पुढं येतो बाण करणारा लोहार. तो बाण सरळ करण्यात इतका गढलेला, की शेजारून राजाची मिरवणूक वाजतगाजत गेली ते त्याला कळलं नाही. आपल्या गावात हा गुरू शोधायला लांब जायला नको. पैंजणाच्या कडीला डाग देणारा कारागीर बघावा. ज्योत क्षणभर जास्त लागली तर चांदी वितळते. त्या वेळी दारावरनं वरात गेली तरी त्याची मान वळत नाही. अवधूतानं पृथ्वीही गुरू केली आणि बाणकरीही केला, दोघांत निवड केली नाही. नाथांनी या चोवीस गुरूंवर रसाळपणे लिहिलं, आणि माझ्या मते हे दोन तर स्वतःच्या अंगणात उतरवले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेलं दत्तदर्शन, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींचं निर्याण हीसुद्धा याच तिथीची मानतात, म्हणून तिला पंचपर्वश्रेणी म्हणतात. पैठणला त्या दिवशी नाथषष्ठीची मोठी यात्रा भरते.

भावार्थ रामायण तेव्हा युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आलं होतं. पुढचं काम गावबानं केलं. हा गावबा म्हणजे पुरणपोळीच्या वेडापायी नाथांच्या घरी राहिलेला पोर, एकनाथ या नावाशिवाय दुसरा मंत्र ज्याला म्हणता येत नव्हता असं सांगतात. शिकवून काही येत नाही म्हणून घरच्यांनी सोडून दिलेला. नाथांनी त्याला रोज पोळी घातली आणि जवळ बसवून घेतलं, त्या बांधल्या दिवसात. उरलेलं रामायण त्याच्या हातून पुरं झालं.

नाथांच्या मुलीचा मुलगा कवी मुक्तेश्वर. त्याची समाधी आपल्याच भागात आहे, कुरुंदवाडजवळ पंचगंगेच्या काठी तेरवाडला. वाडीला पौर्णिमेला जाणाऱ्यांनी एकदा वाट वाकडी करून तिथं जाऊन यावं. गर्दी नसते.