मगनवाडीतील ख्रिस्तभक्त

वर्धा जिल्ह्याचे नाव घेताच सेवाग्रामची बापूकुटी, धाम नदीच्या काठावरील पवनारचा आश्रम आणि जमनालालजी बजाजांचे औदार्य ही चित्रे मनासमोर उभी राहतात. मात्र याच वर्ध्यात, मगनवाडीत, एका निष्ठावंत ख्रिस्ती विद्वानाने आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, ही गोष्ट नव्या पिढीला फारशी ठाऊक नाही. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा हे त्यांचे नाव. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना ते गांधीवादी अर्थविचाराचे भाष्यकार म्हणून परिचित आहेत. ते ज्या श्रद्धेच्या बळावर उभे होते, ती श्रद्धा मात्र त्या परिचयात बहुधा झाकून जाते. नाताळच्या या मंगल पर्वावर त्यांचे चरित्र आठवावे, ते त्या श्रद्धेसाठी.

त्यांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे झाला. तंजावर हे आपल्या भोसले राजांचे नगर. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या पालकत्वाखाली सरफोजीराजे जेथे वाढले, तेच हे नगर. निराळ्या धर्मांच्या माणसांनी एकमेकांना जवळ करण्याची परंपरा तेथे जुनी आहे. कॉर्नेलियस कुटुंब सुशिक्षित, सुस्थित आणि धर्मशील होते. वडील सरकारी नोकरीत होते. मुलांनी परदेशी जाऊन शिकावे, इंग्रजी रीतीभाती आत्मसात कराव्यात, हा त्या काळच्या उच्चवर्गीय ख्रिस्ती घराण्यांचा शिरस्ता होता. त्यानुसार जोसेफ लंडनला गेले, हिशेबतपासनीस झाले आणि परत येऊन मुंबईत स्वतःची पेढी चालवू लागले. पोशाख, राहणी, विचार या सर्वांवर विलायतेची छाप होती.

१९२७ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे एका चर्चमध्ये त्यांनी भारताच्या दारिद्र्याविषयी व्याख्यान दिले. त्याचा वृत्तान्त वृत्तपत्रात आला आणि तो कोलंबिया विद्यापीठातील त्यांचे गुरू प्रा. सेलिग्मन यांच्या वाचनात आला. त्यांनी याच विषयावर प्रबंध लिहिण्यास सुचविले. ब्रिटिश राजवटीचे जमाखर्च तपासता तपासता या हिशेबनिसाचे डोळे उघडले. ज्या राज्यकर्त्यांना आपण धर्मबंधू समजत होतो त्यांच्याच खतावणीत आपल्या देशबांधवांची उपासमार लिहिलेली आहे, हे त्यांना आकड्यांनी पटवून दिले. १९२९ मध्ये ते मायदेशी परतले आणि त्यांनी कॉर्नेलियस हे आडनाव बाजूला ठेवून कुमारप्पा हे पूर्वजांचे नाव धारण केले. नाव बदलले, धर्म बदलला नाही. धाकटे बंधू भारतन यांनीही तेच केले.

९ मे १९२९ रोजी साबरमतीच्या आश्रमात त्यांची गांधीजींशी भेट झाली. झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर सूत कातीत बसलेला वृद्ध हाच गांधी, हे त्यांना प्रथम उमगले नाही. उमगले तेव्हा रेशमी सुटातला हा गृहस्थ तसाच जमिनीवर बसला. (योगायोग असा की, याच तारखेस बरोबर दहा वर्षांपूर्वी रेव्हरंड नारायण वामन टिळक निवर्तले होते. ख्रिस्ताला या मातीत रुजविण्याचा ध्यास घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून देवाचा दरबार स्थापन केला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. कुमारप्पांचा मार्ग वेगळा, परंतु प्रश्न तोच होता.)

तो प्रश्न १९३० मध्ये तीव्रतेने पुढे आला. मिठाच्या सत्याग्रहानंतर देशभर लाठ्या चालत होत्या. गांधीजी तुरुंगात गेल्यावर ‘यंग इंडिया’च्या संपादनाचा भार कुमारप्पांवर आला. अशा वेळी भारतातील ख्रिस्ती मंडळ्यांनी कोणाच्या बाजूस उभे राहावे? पुष्कळ मंडळ्यांचे सूत्रचालक इंग्रज होते. परदेशी मिशनऱ्यांना राजकारणापासून दूर राहण्याचे वचन द्यावे लागे. सामान्य ख्रिस्ती माणूस तर दुहेरी कात्रीत सापडला होता. देशबांधव त्याला साहेबाचा माणूस म्हणत आणि साहेब त्याला आपल्या पंगतीस घेत नसे. कुमारप्पांनी मिशनऱ्यांना व ख्रिस्ती कार्यकर्त्यांना जाहीर आवाहन केले, की मार खाऊनही हात न उगारणाऱ्या या लोकांच्या लढ्यात ख्रिस्ताच्या शिकवणुकीचीच प्रचीती आहे, तेव्हा निदान अत्याचाराचा निषेध तरी करा. अँग्लिकन मंडळीचे भारतातील सर्वोच्च धर्मगुरू, कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन फॉस वेस्टकॉट यांना ते मान्य झाले नाही. कायदेभंग ख्रिस्ताच्या वृत्तीशी जुळत नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कुमारप्पांनी त्यांना आदरपूर्वक, परंतु शुभवर्तमानाच्याच आधारे, तितकेच खणखणीत उत्तर दिले.

या वादाचे मोल आज नीट ध्यानात येणार नाही. आपल्याच धर्मसंस्थेच्या शिखरावरील पुरुषाला एका साध्या उपासकाने शास्त्राधारे प्रश्न विचारणे, आणि तरीही श्रद्धेचा धागा तुटू न देणे, हे कठीण व्रत होते. याच सुमारास पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आलेले व्हेरियर एल्विन जमनालालजींच्या सूचनेवरून गोंडांच्या सेवेसाठी गेले. त्यांना नागपूरच्या बिशपांनी धर्मकार्याचा परवाना नाकारला. एल्विन पुढे धर्मसंस्थेतून बाहेर पडले. कुमारप्पांनी ख्रिस्ताचा हात कधीच सोडला नाही. ही त्यांची चिकाटी, माझ्या मते, त्यांच्या अर्थशास्त्राहून कमी महत्त्वाची नाही.

तुरुंगवास त्यांना वारंवार घडला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर राजेंद्रबाबूंच्या हाताखाली मदतनिधीचे हिशेब त्यांनी सांभाळले. स्वयंसेवकाच्या रोजच्या जेवणखर्चासाठी तीन आण्यांची मर्यादा होती. गांधीजी आपल्या परिवारासह आले, तेव्हा त्यांचा खर्चही या निधीतून करता येणार नाही, असे कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्ट बजावले. गांधीजींना त्याचा राग आला नाही. उलट त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या कारभाराची धुरा त्यांनी याच कडक हिशेबनिसावर सोपविली.

जमनालालजींनी वर्ध्यातील आपली बाग संघाला दिली आणि दिवंगत मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी ठेवण्यात आले. सेगावास जाण्यापूर्वी गांधीजीही तेथेच राहात असत. न्यूयॉर्कचा पदवीधर तेथे तेलघाणी सुधारण्यात, हातसडीचा तांदूळ आणि जात्यावरचे पीठ यांचे गुण समजावून देण्यात, ताडगूळ, हातकागद, साबण यांच्या खटपटीत गढून गेला. घासलेटाऐवजी वनस्पतितेलावर जळणारा मगनदीप तेथेच तयार झाला. मधमाशांच्या पेट्या होत्या. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

त्या मधमाशा पुढे कुमारप्पांच्या विचारसृष्टीतही आल्या. परोपजीवी, लुटारू, उद्यमी, सामूहिक आणि सेवामय असे अर्थव्यवस्थेचे पाच टप्पे त्यांनी मांडले. दुसऱ्याच्या जिवावर जगणारा पहिल्यात, पोळ्यासाठी झटणारी मधमाशी चौथ्यात आणि अपेक्षा न ठेवता पोसणारी आई पाचव्यात, अशी ती मांडणी होती. ख्रिस्ती मंडळ्या ज्या सहभागितेचा उच्चार करतात ती याहून निराळी काय आहे? प्रभुभोजनाच्या वेळी एकाच भाकरीचा तुकडा सर्वांच्या हाती येतो. उपासना आटोपल्यावर शेजाऱ्याच्या चुलीवर भाकर आहे की नाही, हे पाहणे कुमारप्पांना त्याच विधीचा पुढला भाग वाटे. प्रभूच्या प्रार्थनेतील भाकर ही मागणाऱ्या एकट्याची नसून सर्वांची आहे, हे अनेकवचन ते फार गांभीर्याने घेत. बेथलेहेम या शब्दाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे, हे येथे सहज आठवते.

मगनवाडीतले सहकारी बहुतेक हिंदू होते. भारतन कुमारप्पाही तेथे येऊन राहिले. या ख्रिस्ती पंडिताने लंडनला रामानुजांच्या तत्त्वज्ञानावर प्रबंध लिहिला होता. जवळच सेवाग्रामात राजकुमारी अमृत कौर होत्या, त्याही ख्रिस्ती कुटुंबातल्या. दीनबंधू अँड्र्यूज येऊन जात. जगातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांना एकत्र आणण्यासाठी आयुष्यभर झटलेले अमेरिकेचे जॉन मॉट १९३६ मध्ये आणि पुन्हा १९३८ मध्ये गांधीजींच्या भेटीस सेगावला आले. दुसऱ्या भेटीनंतर त्याच डिसेंबरात मद्रासजवळ तांबरम येथे आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषद भरली, तीत सुमारे ४७० प्रतिनिधी निरनिराळ्या देशांतून आले होते. एकीची चर्चा तांबरमला झाली. निरनिराळ्या पंथांतून आलेल्या ख्रिस्ती माणसांच्या एकत्र श्रमाचा एक लहानसा प्रयोग मात्र वर्ध्याच्या धुळीत आधीच चालू होता.

१९४२ च्या आंदोलनानंतर त्यांना पुन्हा कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी दोन पुस्तके सिद्ध केली. एक शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे आणि दुसरे ‘प्रॅक्टिस अँड प्रिसेप्ट्स ऑफ जीझस’. १९४५ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि दोहोंना गांधीजींनी प्रस्तावना लिहिल्या. गांधीजींनी त्यांना ग्रामोद्योगाचे डॉक्टर ही पदवी कौतुकाने बहाल केली. ही दोन पुस्तके एकाच कोठडीत लिहिली गेली, हे लक्षात घेतले पाहिजे. एकात घाणी व शेत, दुसऱ्यात येशूची शिकवण, आणि दोहोंतले तत्त्व एकच. बापाच्या इच्छेप्रमाणे जो वागतो तोच येशूचा भाऊ आणि बहीण, हा शुभवर्तमानातील निकष लावला, तर मंडळीची सीमा नोंदवहीतील नावांपाशी संपत नाही. ही भूमिका काही ख्रिस्ती वाचकांना रुचली नाही, आणि त्यांच्या शंकेत तथ्य नव्हते असेही म्हणता येणार नाही. उपासना, विधी, शिस्त यांच्यावाचून समाज टिकत नाही. व्यक्तीच्या निष्ठेवर सर्व भार टाकण्याचा कुमारप्पांचा मार्ग मोजक्यांनाच पेलणारा होता.

स्वतः त्यांचा सहवासही सोपा नव्हता. ते अविवाहित, काटेकोर, वेळेचे पक्के आणि कमालीचे शीघ्रकोपी होते. सहकाऱ्यांना त्यांच्या जिभेचा प्रसाद मिळे. बंधुभावाचा हा उपासक बंधूंशी भांडे, आणि तरीही ते बंधू त्याला सोडून जात नसत, कारण तो स्वतःसाठी काही राखून ठेवीत नाही, हे ते जाणून होते.

स्वातंत्र्यानंतर काँग्रेसच्या कृषिसुधारणा समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मात्र दिल्लीची वाट गावांपासून दूर जात असल्याचे त्यांना दिसले. मग ते वर्धा जिल्ह्यातील सेलडोह या खेड्यात जाऊन राहिले. तेथल्या त्यांच्या आश्रमाचे नाव पन्नई, म्हणजे तमिळमध्ये शेत. प्रकृती ढासळल्यावर ते दक्षिणेत मदुराईकडील कल्लुपट्टी येथे गेले. १९५७ मध्ये भारतन गेले. ३० जानेवारी १९६०, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, मद्रास येथे कुमारप्पांचे निधन झाले.

त्यानंतर दहा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, वर्ध्यापासून जवळच असलेल्या नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रेदरेन आदी सहा परंपरांच्या मंडळ्यांनी आपापले वेगळेपण विसर्जित करून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या एका संघटनेत प्रवेश केला. त्या अँग्लिकन परंपरेच्या धुरीणाशी चाळीस वर्षांपूर्वी वाद घालणारा माणूस हा सोहळा पाहावयास नव्हता. मगनवाडीतील संग्रहालय मात्र उभे आहे.