नेव्हरसिंकचा थिओडोर गॉर्डन

न्यू यॉर्कात राहून दहा वर्षं झाली, पण नळाचं पाणी कुठून येतं याचा मी कधी विचार केला नव्हता. गेल्या एप्रिलमध्ये ऑफिसातल्या मित्राने ट्राउट धरायला कॅट्सकिल डोंगरात नेलं. गार पाण्यात उभं राहून पाय बधिर झाले, मासा काही लागला नाही. परतताना नेव्हरसिंक धरणाच्या काठावर मित्राने गॉर्डनची गोष्ट सांगितली आणि मी त्याच्याबद्दल वाचतच सुटलो.

थिओडोर गॉर्डन १८५४ साली पिट्सबर्गला जन्मला. तब्येत तोळामासा, त्यात पुढे क्षय जडला. संसार केला नाही. शेवटची वर्षं नेव्हरसिंक नदीकाठीच, एकट्याने काढली. हिवाळाभर घरात बसून गळाच्या आकड्यावर पिसं आणि दोरा गुंडाळायचा, किड्यासारख्या दिसणाऱ्या 'माश्या' बांधून विकायचा आणि मासेमारीच्या मासिकांत लिहायचा.

तेव्हा अमेरिकेत बहुतेक जण पाण्यात बुडणारी माशी वापरत. त्यात १८८३ साली जर्मनीहून ब्राउन ट्राउटची अंडी इथे आली. हा नवा मासा भारी सावध, सहजी फसेना. गॉर्डनने इंग्लंडच्या फ्रेडरिक हाल्फर्डला पत्र लिहिलं. १८९० साली हाल्फर्डने तरंगणाऱ्या माश्यांचे नमुने पाठवले.

पण त्या होत्या इंग्लंडच्या संथ नद्यांसाठी, तिथल्या किड्यांच्या नकला. इथलं पाणी खळाळतं, किडेही वेगळे. गॉर्डनने ते किडे नीट पाहिले आणि पठडी बदलली. मोरपिसाचा सोललेला तंतू अंगाला, रानबदकाचं पीस पंखाला, माशी तरंगावी म्हणून कोंबड्याची ताठ पिसं. हीच 'क्विल गॉर्डन'. एप्रिलच्या थंड पाण्यातून पहिले किडे वर येतात, तेव्हा आजही लोक हीच माशी टाकतात.

हे वाचताना मला आमचं स्वयंपाकघर आठवलं. आईची भाकरीची कृती इथल्या पिठाला जशीच्या तशी चालेना. पाणी किती, मळायचं किती, सगळं बायकोने नव्याने बसवलं. भाकरी मात्र आईचीच म्हणतो आम्ही.

गॉर्डन १ मे १९१५ रोजी गेला. १९५३ मध्ये धरण पूर्ण झालं आणि त्याच्या नदीकाठाचा बराच भाग पाण्याखाली गेला. तेच पाणी बोगद्यांतून आमच्या शहरात येतं. हल्ली सकाळी चहाचं आधण ठेवताना कधीकधी तो आठवतो.