अर्देशीर तारापोर

मुलांनो, लोणावळ्याला आय.एन.एस. शिवाजी ही नौदलाची प्रशिक्षण संस्था आहे. अशा संस्थेत जावे असे तुम्हांला वाटते ना? मग पुण्यात शिकलेल्या अर्देशीर तारापोर यांची गोष्ट ऐका.

त्यांचा जन्म १९२३ साली झाला. १९४० मध्ये मॅट्रिक होताच त्यांनी सैन्यात अर्ज केला. गोवळकोंड्याच्या अधिकारी प्रशिक्षण शाळेत त्यांची निवड झाली. त्यांना चिलखती दल हवे होते, मिळाले पायदळ. तरी त्यांनी मन लावून काम केले.

एकदा सरावात जिवंत हातबाँब जवळच पडला. त्यांनी तो उचलून दूर फेकला. छातीला जखमा झाल्या. सेनापतींनी शाबासकी दिली, तेव्हा त्यांनी चिलखती दलात बदली मागितली. ती मिळाली.

१९६५ च्या युद्धात पूना हॉर्सच्या रणगाड्यांचे नेतृत्व करताना त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. अर्ज भराल तेव्हा त्यांची जिद्द आठवा.